सत्कारासाठी बांधलेले तीन अडथळे

माझी नोकरी घट्टपणा तपासण्याची होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दुचाकीच्या सुट्या भागांची तपासणी मी सव्वीस वर्षं केली. नट पुरेसा आवळलाय का, जोड हलतो का, हे बघायचं, खडूनं खूण करायची आणि सही करायची. माझ्या सहीचा भाग परत आला, असं फार क्वचित झालं. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे सांगायचंय त्यात मी माझ्याच धंद्यात नापास झालो, म्हणून धंदा कोणता ते आधी सांगून ठेवतो.

माझी भाची इंग्लंडमध्ये जन्मली आणि ब्रिटनकडून अडथळ्यांच्या शर्यती धावली. तिची कारकीर्द मी मोडली. आमच्या नात्यात कुणी हे असं म्हणत नाही. नात्यात म्हणतात, पोरीला नजर लागली. नजर ही फार सोयीची गोष्ट आहे. तिला पत्ता नसतो.

माझी थोरली बहीण लग्नानंतर दाजींबरोबर इंग्लंडला गेली. दाजी दातांचे डॉक्टर. बहिणीनं जाताना इथलं जे मराठी सोबत नेलं, तेच तिनं मुलीला दिलं. त्यामुळं इकडं आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर ‘लई’ आणि ‘व्हय’ हे शब्द जुन्या भांड्यांसारखे माळ्यावर टाकले, तेव्हा तिकडं ही इंग्रज पोर ते रोजच्या वापरात ठेवून होती. सुट्टीत आली की माझी बायको तिला सुधारायची, “लई नाही गं, खूप म्हणावं.” ती म्हणायची, “व्हय मामी.”

चौदा-पंधराव्या वर्षी ती अडथळ्यांवरून धावायला लागली. बहिणीनं कौतुकानं एक फोटो पाठवला. पोरगी हवेत, एक पाय समोर ताणलेला, दुसरा दुमडलेला, अंगात बिनबाह्यांचा बनियन आणि आखूड चड्डी. तो फोटो आमच्या नात्यात हातोहात फिरला आणि प्रत्येक हातात गेल्यावर पालथा ठेवला गेला. आमची मावशी म्हणाली, “थंडीचा देश म्हणतात ना तो? मग पोरीच्या अंगावर एवढंच कसं?” सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी ते हसू फोनवरून बहिणीपर्यंत पोचवलं. त्यानंतर तिनं फोटो पाठवणं बंद केलं.

पाच-सहा वर्षांनी भाचीची तेविशीखालच्या ब्रिटिश संघात निवड झाली. ती बातमी इथल्या वर्तमानपत्राला मीच नेऊन दिली. ‘मूळची औरंगाबादची कन्या ब्रिटनच्या संघात.’ शहराचं नाव तेव्हा तेच होतं. ‘मूळची’ या शब्दाकडं मी फार वेळ बघत बसलो होतो. पोरगी या शहरात सगळी मिळून चार-पाच महिने राहिली असेल, त्यातलेही निम्मे दिवस तिचं पोट बिघडलेलं. पण बातमी छापून आली आणि तीच मावशी दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायला लागली, “लहानपणी माझ्याच मांडीवर असायची. तेव्हाच पाय लई चळवळे.”

आमचे एक मावसभाऊ तेव्हा ज्ञातिमंडळाचे अध्यक्ष होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा दर वर्षी दहावी-बारावीच्या मुलांना पेन आणि फाइल वाटायचे. आंतरराष्ट्रीय दर्जाचं त्यांच्याकडं काहीच नव्हतं. बातमीचं कात्रण खिशात घालून ते माझ्याकडं आले.

“समाजाचं नाव काढलं पोरीनं,” ते म्हणाले. “डिसेंबरात लग्नाला येतीये ना? सत्कार ठेवू.”

“आधी तर आपण तिच्या कपड्यांवर...”

“ते जुनं झालं रे. आता देशाचे कपडे आहेत ते.”

कुठल्या देशाचे, हे मी विचारलं नाही.

ती डिसेंबरात आली, चुलत बहिणीच्या लग्नाला, तीन आठवडे. तिच्या प्रशिक्षकानं एका अटीवर सोडलं होतं: रोज सराव करायचा आणि जपून राहायचं. येत्या उन्हाळ्यात मोठ्यांच्या संघाची निवड होती. दोन वर्षं ती त्या संघाच्या दाराशी उभी होती, थोडक्यात मागं राहायची. यंदा तिची वेळ सुधारली होती. “मामा, यंदा नाय झालं तर परत नाय,” ती मला म्हणाली. “माझ्या मागं लई पोरी हायत.” हे तिनं रडवेलं होऊन नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

रोज सकाळी मी तिला स्कूटरवरून मैदानावर न्यायचो. तिथल्या गोदामात लोखंडी हर्डल होते, चार, गंजलेले. पहारेकरी काका ते काढून द्यायचे. पहिल्या दिवशी मी सोबत पाना नेला आणि चारही हर्डलचे बोल्ट आवळले. ती हसत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या पायाची टाच आडव्या फळीला लागली. हर्डल धाडकन पुढं आडवा झाला आणि ही तशीच पुढं धावत गेली. मी पळत गेलो.

“लागलं का गं?”

“नाय मामा. ते पडायलाच असतंय.”

“पडलं म्हणजे चुकलंच ना?”

“चुकलं. पण ते पडलं म्हणून मी उभी हाय. ते नाय पडलं तर मी पडंन.”

मग तिनं मला हर्डल उलटा करून दाखवला. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला आलेले असतात, पलीकडं काहीच नसतं. समोरून धक्का बसला की तो वाद न घालता झोपतो. मी यंत्रातला माणूस. मला ते एका नजरेत कळलं आणि आवडलंही. आयुष्यभर न हलणाऱ्या वस्तू पास करत आलो होतो, इथं पडणं हाच त्या वस्तूचा दर्जा होता. घरी जाऊन बायकोला मी हे अर्धा तास समजावून सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. एवढं मला कबूल केलंच पाहिजे.

सत्काराची तयारी सुरू झाली. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन ठरलं. लॉन म्हणजे कडेला थोडी हिरवळ आणि मधे ठोकून बसवलेला मुरूम. अण्णांनी फ्लेक्सची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी बहिणीकडून फोटो मागवला. तिनं हवेतलाच फोटो पाठवला, ब्रिटनच्या गणवेशातला. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात संगणकासमोर बसून मी तो बघितला. फोटो सुंदर होता, पण मला मावशी आठवली, मंडळाच्या महिला आघाडीच्या बायका आठवल्या.

“खालून कापा जरा,” मी म्हणालो.

“किती कापू?”

“कमरेपर्यंत.”

तर असा तो फ्लेक्स लागला. वर एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुणे, मधे कार्यकारिणीचे अकरा सदस्य गोल चौकटींत, आणि खाली कोपऱ्यात भाची: दात आवळलेले, एक हात वर, कमरेखाली मजकूर. धावपटूच्या सत्काराचा तो फ्लेक्स होता आणि त्यावर पाय सोडून सगळं होतं. बायको म्हणाली, “पोरगी पाण्यात बुडतीये आणि मदतीला हात वर केलाय असं वाटतं.” भाचीनं तो बघितला आणि एवढंच विचारलं, “मामा, हे बाकीचे कोण?”

मग अण्णांना प्रात्यक्षिक सुचलं. “नुसती शाल-श्रीफळ काय द्यायची? लोकांना कळू दे पोरगी नेमकं करते काय. तीन उड्या मारल्या तरी पुरे.” मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “बघतो.” आमच्याकडं ‘बघतो’ म्हणजे ‘हो’, फक्त पुढं गळा दुसऱ्याचा पकडता यावा म्हणून राखून ठेवलेला.

मैदानावरचे हर्डल बाहेर न्यायला लेखी परवानगी लागत होती आणि परवानगी देणारे साहेब लग्नसराईमुळं रजेवर होते. सरावाला हर्डल मिळत होते, कारण सरावाची कुठं नोंद नव्हती. सत्काराची नोंद होती, म्हणून मिळाले नाहीत. शेवटी अण्णा म्हणाले, “मंडपवाल्याला सांग. बांबूचे करून देईल. उडी मारायला लोखंड कशाला पाहिजे?”

मंडपवाला शहागंजचा. आमच्या मंडळाची सगळी लग्नं, बारशी, तेराव्याचे मंडप वर्षानुवर्षं तोच घालायचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यानं मुरुमात खड्डे घेऊन बांबूचे खुंट ठोकले आणि त्यांना आडवा बांबू धरून माझ्याकडं बघितलं.

“साहब, ये लड़की इसपे से कूदनेवाली ना?”

“हो.”

“तो गिरनेवाला रखूं क्या? ऊपर सिर्फ अटका देता. पाँव लगा तो निकल जाइंगा.”

मी ही गोष्ट पुष्कळदा मनात उलगडून बघितली आहे. त्या माणसानं आयुष्यात कधी हर्डल बघितला नव्हता. इंग्लंडच्या प्रशिक्षकांनी अभ्यास करून जे ठरवलं, ते त्याला दोरीचं बंडल हातात धरून सुचलं होतं. आणि मला, ज्याला भाचीनं हर्डल उलटा करून शिकवलं होतं, मला त्या क्षणी काय दिसलं? अण्णा दिसले. पाचशे माणसं दिसली. आडवा बांबू खाली पडतोय आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंय, पाडला की हो, हीच का ती ब्रिटनची? आमच्याकडं कार्यक्रमात काही पडणं म्हणजे अपशकुन, आणि त्याहून मोठं म्हणजे हसं. मंडप पडला, कमान पडली, फेटा पडला, पिढ्यान् पिढ्या लोक विसरत नाहीत.

“नको,” मी म्हणालो. “पक्कं बांध. पडता कामा नये.”

“पक्का?”

“एकदम पक्कं.”

त्यानं सुतळीचे आठ-आठ वेढे दिले. मी माझ्या सवयीनं हात लावून हलवून बघितलं. हललं नाही. मी मान डोलावली. खडू असता तर खूणही केली असती. नंतर महिला आघाडीनं तिन्ही बांबूंना भगवं-पांढरं कापड गुंडाळलं आणि झेंडूच्या माळा घातल्या, त्यामुळं गाठी झाकल्या गेल्या.

कार्यक्रम दहाचा होता, साडेअकराला सुरू झाला. सात भाषणं झाली. सातही वक्त्यांनी सांगितलं की आयुष्य ही अडथळ्यांची शर्यत आहे. प्रत्येकाला हे स्वतःलाच सुचलंय असं वाटत होतं, त्यामुळं प्रत्येकानं ते वाक्य म्हणून झाल्यावर टाळ्यांसाठी थांबा घेतला. प्रमुख पाहुण्यांनी तिला उंच उडीतली खेळाडू म्हटलं आणि सासरी गेल्यावरही हा छंद जपण्याचा आशीर्वाद दिला. भाचीला तीन शाली, पाच नारळ आणि काचेच्या पेटीतलं एक सोनेरी घड्याळ मिळालं. ती भर उन्हात शाली पांघरून दीड तास खुर्चीत बसली होती, पाय लांब करायलाही जागा नव्हती.

मग अण्णांनी माइकवर प्रात्यक्षिक जाहीर केलं. ती व्यासपीठावरून उतरून माझ्याकडं आली.

“मामा, नको. पाय आखडलेत. जमीन पण लई कडक हाय.”

“तीनच आहेत गं. हळू धाव.”

“हळू नाय जमत ह्यात. हळू म्हणजेच पडायचं.”

अण्णा माइकवरून म्हणाले, “आपली कन्या तयार होते आहे.” लोकांनी खुर्च्या वळवल्या. मी तिचा हात धरला आणि जे बोलू नये ते बोललो. “तुझ्या आईला इथं काय काय बोललेत लोक, तुला माहीत नाही. तुझ्या कपड्यांवरून, धावण्यावरून. आज तेच लोक बसलेत समोर. आईसाठी कर.”

बोललेल्या लोकांत मीही होतो, हे सांगायचं राहून गेलं.

शाली काढून तिनं माझ्या हातात दिल्या. मग म्हणाली, “तू तपासलंस ना? पडतंय ना ते?”

गाठी सैल करायला पाच मिनिटं लागली असती. मंडपवाला वीस पावलांवर उभा होता. मी म्हणालो, “हो. पडतंय.”

ती आधी चालत पहिल्या बांबूपाशी गेली आणि झेंडूची माळ जराशी सरळ केली. मला बरं वाटलं, पोरीला आपल्या रीतीचं कौतुक आहे. मग मागं येऊन तिनं दोन-तीनदा पाय झटकले आणि धावली. पहिला बांबू सुरेख ओलांडला. पाचशे माणसांनी ‘अरे’ केलं. दुसऱ्याला पुढच्या पायाची टाच लागली.

बांबू हलला नाही. माझं काम होतं ते, हलणार कसा?

ती ज्या आवाजानं मुरुमावर पडली, त्याचं वर्णन मी करणार नाही. गुडघा तिच्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. एवढा वेळ ज्या मुरुमावर कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं, तिथं माणसं धावली. गर्दीच्या वरून अण्णांचा आवाज येत होता, “कुणीही जागा सोडू नये. कार्यक्रम संपलेला नाही. अल्पोपाहाराची सोय केलेली आहे.” आणि खरंच, आम्ही तिला गाडीत घालत होतो तेव्हा एका बाजूला कचोरीची रांग लागली होती.

गुडघ्यातला बंध तुटला होता. इथल्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि शस्त्रक्रिया तिकडं जाऊन करा म्हणाले. रात्रीपर्यंत कारणं तयार झाली. मावशी म्हणाली, नजर. कुणी म्हणालं, विमानात अंग आखडतं. कुणी म्हणालं, तिकडं गवतावर धावायची सवय, आपला मुरूम झेपला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना मात्र माणूस हवा होता. त्यांनी मंडपवाल्याला मंडळाच्या कार्यालयात बोलावलं. मी तिथंच होतो.

“काय बांधलं होतंस रे? डोंगर बांधला होता का?”

मंडपवाल्यानं माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोलण्याइतका वेळ त्यानं मला दिला. मी टेबलावरच्या नारळांकडं बघत होतो.

“जी,” तो म्हणाला. “मेरेसे ज्यादा टाइट हो गया.”

त्या वर्षापासून मंडळाची कामं त्याच्याकडून गेली.

बहिणीचा फोन आला. ती रडली नाही. तिनं विचारलं, “तू होतास ना तिथं?” मी म्हणालो, “होतो.” “मग?” ती म्हणाली, आणि मी लाइन खराब असल्यासारखं हॅलो हॅलो करत राहिलो.

भाचीची निवड झाली नाही, कारण निवडीच्या दिवशी ती कुबड्यांवर होती. पुढच्या वर्षी ती परत धावली. त्याच्या पुढच्या वर्षीही. बहीण सांगायची, पाय बरा आहे पण अडथळा आला की क्षणभर अडखळते. या शर्यतीत तो क्षण म्हणजेच सगळं असतं. मग एका उन्हाळ्यात तिनं बूट ठेवून दिले आणि एका शाळेत खेळ शिकवायला लागली. अण्णांच्या मंडळाच्या स्मरणिकेत अजूनही ती ‘आंतरराष्ट्रीय धावपटू’ म्हणून छापली जाते, कार्यकारिणीच्या नंतर.

मी काय केलं? मी देवाला गेलो. खुलताबादला दर शनिवारी. चहा सोडला. बायको म्हणाली, “चहा सोडून कुणाचा गुडघा जोडला जातो का? फोन करा की तिला.” मी म्हणायचो, करतो. दर दिवाळीला तिचाच फोन यायचा. “मामा, बरा हायस का?” मी म्हणायचो, बरा आहे, आणि पलीकडं ती काही विचारते का, या भीतीनं फोन बायकोकडं द्यायचो. अपराधाची मला सवय झाली होती, कदाचित जरा आवडही. अपराधी माणूस चारचौघांत गंभीर दिसतो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. रिकाम्या वेळानं चहापेक्षा जास्त छळलं. एक दिवस उठलो आणि शहागंजला गेलो. मंडपवाला आता म्हातारा झालाय. दुकानाच्या जागी मोठं ऑफिस, काचेचं दार, बाहेर पांढऱ्या सोफ्यांचा ट्रक. पाच मिनिटं त्यानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं. मी सगळं बोललो, पाठ केल्यासारखं: तू विचारलं होतंस, मी पक्कं बांध म्हणालो, तुझ्यावर आलं, मी गप्प बसलो, तुझी कामं गेली.

तो ऐकत राहिला आणि मग हसला.

“साहब, आपका काम गया तो अच्छा हुआ. आपके अण्णा हर शादी में झालर का भाव करते थे. उसके बाद मैं बड़े लोगों में गया.” त्यानं दाराबाहेरच्या ट्रककडं हात केला. “अब आपका मंडल ही आता इधर.”

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जे ओझं वाहिलं, त्यातला अर्धा भाग मालकानं कधीच टाकून दिला होता.

“लड़की को बोले क्या ये सब?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“तो इधर काय कू आए? मेरेको तो मालूम था.”

त्यानं चहा मागवला. मी प्यायलो.

घरी आलो तेव्हा तिकडं सकाळ होती. मी स्वतः फोन लावला, पहिल्यांदाच. ती म्हणाली, “मामा, कोण गेलं?” कारण आमच्याकडून असा अवेळी फोन कुणी गेल्याशिवाय जात नाही. मी म्हणालो, कुणी नाही, आणि थांबलो तर परत बोलता येणार नाही म्हणून एका दमात सांगून टाकलं. मंडपवाल्यानं सैल ठेवू का विचारलं होतं. मी नको म्हणालो. हलवून बघितलं होतं. घट्ट होतं. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.

पलीकडं शाळेची घंटा वाजत होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“घट्ट हाय ते. मी हात लावून बघितलं होतं की.”

तेव्हा मला झेंडूची माळ आठवली.

“मग धावलीस कशाला गं?”

“तू म्हणालास पडतंय. मला वाटलं, माझा हात चुकला आसंल. मामाचं कामच तपासायचं हाय. आई सांगायची, मामानं सही केली की ती वस्तू जगात कुठंबी चालती.”

मी फोन धरून उभा होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. इतक्या वर्षांत मी मनात तिच्याकडून नाना प्रकारची वाक्यं बोलवून घेतली होती, शिव्यासुद्धा, पण हे त्यांत नव्हतं.

“आईला सांगू का?” मी विचारलं.

“तूच सांग. मी नाय सांगणार.” मग म्हणाली, “मी लई दिवस चिडले होते. तुझ्यावर नाय. माझ्या हातावर. हाताचं ऐकलं नाय म्हणून. आता तुझ्यावर चिडते थोडे दिवस. चालंल ना?”

“चालेल,” मी म्हणालो.

“आणि मामा, त्या बोर्डवर माझे पाय का नव्हते?”

तेही सांगितलं. फ्लेक्सवाला, मावशी, महिला आघाडी, कमरेपर्यंत. ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे पायापासूनच सुरुवात केलीस तू.” हे ती हसत म्हणाली की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

“तो बोर्ड हाय का अजून?”

होता. आमच्या गच्चीवर कूलर झाकायला वापरतो. चांगल्या फ्लेक्सला आमच्याकडं मरण नसतं.

“पाठवून दे,” ती म्हणाली. “शाळेत लावते. पोरी काढतील खाली पाय.”

त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. ते इथं लिहीत नाही, तिनं अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन फ्लेक्स काढला आणि साबणानं धुतला. अण्णा उन्हानं पिवळे पडले होते, पाहुण्यांच्या तोंडावर कावळ्यांनी काम केलं होतं. भाची कोपऱ्यात असल्यामुळं कूलरमागच्या सावलीत राहिली होती, ती तेवढी नीट होती. गुंडाळी केली, कागदात घातली, बायकोनं सुतळीचं रीळ आणून दिलं. मी एक वेढा दिला, दुसरा दिला, हात लावून बघितलं.

मग सुतळी सोडली आणि चिकटपट्टी लावली.